निंबाच्या फांदीवरचे दोन झोके

पाचोऱ्याच्या मुलींच्या शाळेत प्रमिलाबाई विज्ञान शिकवायच्या, आणि मुलींनी त्यांना नाव ठेवलं होतं ‘कशावरून बाई’. नाव ठेवण्यात पोरींचा काही दोष नव्हता. ‘बाई, घंटा झाली’ एवढं जरी कुणी सांगितलं तरी बाईंच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, ‘कशावरून?’ मग त्या पोरीनं, घंटा कानांनी ऐकली की दुसरीनं सांगितली, याचा खुलासा करायचा, आणि तोवर मधली सुट्टी निम्मी सरलेली असायची.

हे खूळ घरीही सुटत नसे. नवरा स्टेशनात तिकीटबाबू. दोघांचा संसार कापडबाजारातल्या धनकुंवरबाईंच्या माडीवर, दोन खोल्यांत. धनकुंवरबाई मारवाडी, मोठ्या मनाची बाई, पण पापडांच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. अमावास्येला लाटलेला पापड तळताना लाल पडतो, हे तिनं सासूकडून ऐकलं होतं आणि सासूनं तिच्या सासूकडून. प्रमिलाबाईंनी विचारलं, ‘कशावरून?’ तीन पिढ्यांत हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदाच विचारला गेला असावा. बाईंनी मुगाची तीच डाळ, तोच पापडखार घेऊन थोडे पापड अमावास्येला लाटले, थोडे नंतर चार दिवसांनी, आणि सगळे मिसळून धनकुंवरबाईंपुढं तळून ठेवले. धनकुंवरबाईंनी एकेक पापड उजेडाला धरून पाहिला, मोडून पाहिला, खाऊन पाहिला. शेवटी ताट रिकामं झालं तेव्हा म्हणाल्या, ‘बाई, तुमची अमावास्या वेगळी असेल.’ आणि पुढच्या वर्षी पुन्हा अमावास्या टाळूनच पापड लाटले. प्रमिलाबाईंना राग आला नाही. माणूस ताट रिकामं होईपर्यंत तपासतो, हे काय थोडं झालं?

पण हे खूळ त्यांना जन्मजात नव्हतं. माहेर भडगावचं. वडील, नाना, प्राथमिक शाळेत मास्तर, आणि नानांच्या शाळेत ‘पुस्तकात आहे’ म्हटलं की विषय संपायचा. त्यावर कुणी तोंड उघडलं तर छडी बोलायची. प्रमिला पाठांतरात पहिली. त्या जोरावर ती जळगावला कॉलेजात गेली, विज्ञान घेतलं. तिथं प्रयोगशाळेत टेबलाभोवती मुलांचं कोंडाळं असायचं. तराजू त्यांच्या हातात, दोलकाची दोरी त्यांच्या हातात. मुली मागं उभ्या राहून आकडे वहीत उतरवायच्या. सगळ्या परीक्षा पास झाल्या, पदवी मिळाली, नानांनी गावात पेढे वाटले. आणि एवढं सगळं होईपर्यंत प्रमिलेनं स्वतःच्या हातानं एक दोलक हलवलेला नव्हता. शाळेत लागल्यावर पहिल्या दिवशी वर्गात टेबलाजवळ उभं राहताना तिला हे एकदम आठवलं आणि भयंकर चीड आली. त्या दिवसापासून तिच्या वर्गात नियम झाला: मागं कुणी उभं राहायचं नाही, प्रत्येकीनं हात लावायचा.

म्हणून तर आठवीच्या वर्गाला गती शिकवताना त्यांनी फळा वापरला नाही. सगळ्या वर्गाला जामनेरच्या छोट्या गाडीत बसवलं, वरखेडीपर्यंत. गाडीनं जरा वेग धरला तसं बाईंनी पिशवीतून एक लिंबू काढलं.

‘हे मी सरळ वर उडवते. गाडी पुढं धावतेय. लिंबू कुठं पडेल?’

‘मागं!’ सगळ्या पोरी एका सुरात ओरडल्या.

‘कशावरून?’

आता याला काय उत्तर द्यायचं? लिंबू वर असताना गाडी पुढं जाणारच की. बाईंनी लिंबू उडवलं. ते गुमान त्यांच्या तळहातावर येऊन पडलं. पुन्हा उडवलं, पुन्हा हातात. एकेकीच्या हातात लिंबू गेलं, एकेकीनं उडवलं. गाडीबरोबर लिंबूही आधीपासून धावतच होतं, वर गेलं म्हणून त्याचं पुढं जाणं काही थांबलं नाही, एवढी गोष्ट पोरींच्या डोक्यात शिरायला दोन-चार मैल लागले. तेवढ्यात समोरच्या बाकावरची म्हातारी नातवंडांना पदराखाली घेऊन दाराकडं सरकली. शिकलेली दिसणारी बाई चालत्या गाडीत लिंबू ओवाळतेय म्हणजे कुणाचा तरी उतारा असणार, याबद्दल तिच्या मनात काडीचीही शंका नव्हती.

आणि तेव्हाच खिडकीजवळ बसलेली एक किडकिडीत पोर उठून म्हणाली, ‘बाई, गाडी थांबताना उडवलं तर?’

ही यशोदा. भडगावजवळ गिरणेच्या काठच्या एका खेड्यातली. गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून बापानं तिला पाचोऱ्याला मामाकडं ठेवली होती. वर्षभर ती वर्गात फारसं बोलली नव्हती. प्रमिलाबाईंनी लिंबू मुकाट्यानं तिच्या हातात दिलं. वरखेडीच्या अलीकडं गाडीनं ब्रेक लावला, यशोदानं लिंबू उडवलं, आणि ते पुढं जाऊन थेट एका फेटेवाल्या शेटजींच्या मांडीवर पडलं. शेटजी दचकून उभे राहिले. पोरी हसून हसून बेजार झाल्या. प्रमिलाबाईंनी शेटजींची माफी मागितली, पण मनातून त्या इतक्या खूष होत्या की माफी मागताना चेहरा काही पडेना. गाडी थांबली तरी लिंबू थांबलं नाही! आणि हे विचारायचं एका पोरीला आपण होऊन सुचलं! त्या दिवशी घरी येऊन त्यांनी नवऱ्याला ते लिंबू तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो झोपला होता.

त्या वर्षी, म्हणजे साधारण अडुसष्ट सालची गोष्ट, वर्षाच्या शेवटी दोलक शिकवून झाला आणि शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. प्रमिलाबाई आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी भडगावला आल्या. खानदेशात लेकीबाळींची दिवाळी एक वेळ चुकेल, आखाजी चुकायची नाही. सासुरवाशिणींना तेवढे चार दिवस हुंदडायचा परवाना असतो. निंबाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची, पुरणपोळी आणि आंब्याचा रस खाऊन पुन्हा झोक्यावर चढायचं.

सणाच्या आदल्या दिवशी यशोदाचा बाप, अभिमन आबा, भडगावच्या बाजारात भेटला. नमस्कार केला, आणि फेट्याचं टोक चाळवत म्हणाला, ‘बाई, सुट्टीनंतर पोरीचा दाखला काढून न्यावा म्हणतो. शाळा झाली तेवढी पुरे.’

प्रमिलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ‘का हो आबा? पोरगी किती हुशार आहे!’

‘माझं काही नाही. पण अक्काचं मन नाही.’

अक्का म्हणजे आबाची थोरली बहीण, झुंबरबाई. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि भावाची बायको बाळंतपणात गेली तेव्हापासून तिनंच यशोदाला वाढवली. घरातलं पान तिच्या शब्दावाचून हलत नसे. आता सुट्टीत घरी आलेल्या यशोदानं झोका बांधताना सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं होतं की झोक्यावर जड माणूस बसलं काय, हलकं बसलं काय, येरझारीला वेळ सारखाच लागतो. बाया पोट धरून हसल्या. अक्का मात्र चिडल्या. पोरगी आपल्या अंगावरून बोलली असंच त्यांना वाटलं. कारण गावात जड म्हटलं की पहिलं नाव अक्कांचंच निघायचं.

‘अक्का म्हणते, डोळ्यांना दिसतं त्याच्या उलटं शिकवायचं, ही कसली शाळा,’ आबा खाली मान घालून म्हणाला. ‘पोरगी रडतेय. पण मी अक्कापुढं काय बोलू?’

प्रमिलाबाई म्हणाल्या, ‘मी उद्या येते. डोळ्यांना दिसतं ना? मग डोळ्यांनाच दाखवते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?’

आखाजीच्या सकाळी बाई यशोदाच्या गावात पोचल्या तेव्हा घरोघरी पितरांची घागर भरून झाली होती आणि खापरावरच्या पोळ्यांचा वास गल्लीभर सुटला होता. गावाबाहेर जुना निंब. त्याची एक फांदी अशी आडवी आणि दणकट की तिच्यावर शेजारीशेजारी दोन झोके बांधलेले. बायांनी, पोरींनी निंबाखाली ही गर्दी केलेली. पुरुषांना तिथं मज्जाव. अभिमन आबा लांब पारावर बसून डोळे इकडंच लावून होता.

अक्का निंबाच्या बुंध्याशी बसल्या होत्या, दोन्ही मांड्यांवर दुसऱ्यांची दोन लेकरं घेऊन. प्रमिलाबाईंनी वाकून नमस्कार केला. अक्कांनी वरपासून खालपर्यंत त्यांना न्याहाळलं.

‘जड मानूसना झोका धीरा चालस, हाई सांगाले शाया कसाले जोयजे?’ त्या म्हणाल्या. ‘बाई, तुमी शिकेल शेतस. पन झोका काय पुस्तक वाचीसन चालस का?’

बायांमध्ये खसखस पिकली. प्रमिलाबाईही हसल्या. ‘नाही अक्का. म्हणून तर पुस्तक घरी ठेवून आलेय. दोन्ही झोके एका फांदीला आहेत, दोर सारखे आहेत. एकावर तुम्ही बसा, दुसऱ्यावर यशोदा. एकदम सोडू. कोण मागं राहतं ते सगळ्यांनी बघायचं.’

‘मी?’ अक्कांचा चेहरा एकदम बदलला. ‘मी नही बसाव. मी दहा वरीसमा झोकावर बसनी नही.’

‘बसा हो अक्का!’ चहूकडून गिल्ला झाला. ‘दोर नवा शे, तुटाव नही!’ आणि पुन्हा हशा.

अक्कांनी मांडीवरची लेकरं खाली ठेवली. बहुतेक त्या हशाचाच राग आला असावा. ‘बठ्ठ्या आयका,’ त्या उभ्या राहून सगळ्या बायांना म्हणाल्या. ‘बाईनं खरं निंघनं त पोर पाचोराले जाई. खोटं निंघनं त घरमा ऱ्हाई. मंग कोनी माले बोलानं नही.’

प्रमिलाबाईंनी बेधडक मान डोलावली. मनात शंका नाही. त्यांनी जगभर सगळ्यांना ‘कशावरून’ विचारलं होतं, पण दोलकाचा नियम त्यांना कॉलेजपासून असा पाठ होता की त्याला तो प्रश्न विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. यशोदानं त्यांच्याकडं पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच तिला धीर दिला.

अक्का डोक्यावरचा पदर सावरून फळीवर बसल्या. यशोदा दुसऱ्या फळीवर चढली. बायांनी दोन्ही झोके सारख्याच अंतरावर मागं ओढून धरले आणि एकदम सोडले. कुणी ढकलायचं नाही, कुणी झोका चढवायचा नाही, असं आधीच ठरलं होतं.

पहिली येरझार दोघींची बरोबर झाली. दुसरीला यशोदा नखभर पुढं. तिसरीला हातभर. मग तर स्पष्टच दिसायला लागलं: अक्का अजून पुढं निघाल्यायत तोवर यशोदा पुढून परतायला लागलेली. थोड्याच वेळात एक इकडं तर दुसरी तिकडं असं होऊन बसलं.

निंबाखाली जो कल्ला उठला तो नदीपलीकडं ऐकू गेला असेल. ‘जड मांगे! जड मांगे!’ पोरी टाळ्या पिटायला लागल्या. एका माहेरवाशिणीनं तर लगेच अक्कांवर गाणं रचलं. अक्का झोका थांबवून खाली उतरल्या. त्या जिंकल्या होत्या. पण जिंकल्याचं काही तोंडावर दिसेना. त्यांनी पदर पुन्हा नीट केला, कुणाकडं न बघता बुंध्याशी जाऊन बसल्या आणि ती दोन लेकरं पुन्हा मांडीवर घेतली.

प्रमिलाबाईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण त्या लाजेतही त्यांची नजर अक्कांवरून हटेना. या बाईला स्वतःचंच म्हणणं खोटं ठरायला हवं होतं! दहा वर्षं गावानं ‘जड माणसाचा झोका चालत नाही’ म्हणून हिला बुंध्याशी बसवलं, लेकरं सांभाळायला लावली. सकाळी झोक्यावर बसताना हिच्या मनात कुठंतरी आशा असेल की ही पाचोऱ्याची बाई खरं बोलत असेल. आणि आपण काय केलं, तर सगळ्या गावासमोर हिचं जडपण सिद्ध करून दाखवलं. यशोदाच्या शाळेइतकंच प्रमिलाबाईंना हे लागलं.

‘अक्का,’ त्या म्हणाल्या, ‘कुठंतरी माझं चुकलंय. कुठं ते मला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत थांबाल?’

अक्कांनी नुसता हात हलवला. थांबा नाहीतर जा, असा.

आबाच्या घरी पुरणाचं ताट वाढलं होतं, पण प्रमिलाबाईंच्या घशाखाली रस उतरेना. यशोदा कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसलेली. शेवटी बाई उठल्या, सुंभाचे दोन तुकडे घेतले, दोन सारखे तांबे घेतले आणि ओसरीच्या आढ्याला दोन्ही सारख्या उंचीवर टांगले. एक रिकामा, दुसरा वाळूनं भरलेला.

‘ऊठ यशोदा. रडणं नंतर. आधी हात लाव.’

यशोदानं डोळे पुसून दोन्ही तांबे मागं ओढले आणि सोडले. रिकामा आणि भरलेला, दोन्ही जोडीजोडीनं डुलत राहिले. पुन्हा केलं. तेच. प्रमिलाबाईंच्या जिवात जीव आला. वर्गात पोरींनी दोलक हलवले तेव्हा उत्तर आधीच पाठ होतं; शंका घेऊन हा नियम त्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होत्या. म्हणजे नियम खोटा नव्हता. मग निंबाखाली काय बिघडलं?

‘वजनानं फरक पडत नाही. मग कशानं पडतो?’ बाईंनी एका सुंभाला मध्येच चिमटीत धरलं. आखूड सुंभावरचा तांबा लगबगीनं हलायला लागला.

‘दोर आखूड झाला की,’ यशोदा म्हणाली. ‘पण बाई, आमचे दोर सारखे होते.’

‘कुठपर्यंत सारखे?’

‘फळीपर्यंत.’

‘आणि झुलत काय होतं? फळी?’

यशोदानं तांब्याकडं पाहिलं, स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि सावकाश म्हणाली, ‘बाई, मी उभी होते.’

प्रमिलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. लग्न झालेली बाई झोक्यावर पदर घेऊन बसते आणि बिनलग्नाची पोर फळीवर उभी राहते, ही खानदेशातल्या त्या गावांची इतकी जुनी रीत की ती कुणाच्या ध्यानातच येत नाही. गावाच्या नाही, यशोदाच्या नाही, आणि भडगावात तशाच झोक्यांवर उभी राहून वाढलेल्या प्रमिलाबाईंच्याही नाही. अक्कांचा सगळा भार खाली फळीशी. यशोदाचा भार वर, कंबरेच्या उंचीवर. म्हणजे तिचा दोर जणू आखूडच झाला. एकीला जड, एकीला हलकं केलं, आणि त्याच दमात एकीला बसवलं, एकीला उभं केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे वर्षभर घोकून घेणाऱ्या बाईनं दोन बदलल्या होत्या!

‘मी गाढव आहे,’ प्रमिलाबाई मोठ्यानं म्हणाल्या आणि यशोदाला धरून हसत सुटल्या. मग ताटावर बसून दोघींनी तीन-तीन वाट्या रस खाल्ला.

उन्हं कलली तशा दोघी निंबाखाली गेल्या. बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की सकाळची चूक माझी, अक्कांची नाही. उभं राहणं आणि बसणं यात कसा फरक पडतो ते सांगितलं. एकच पोर आधी उभी आणि मग बसवून झोका हलवून दाखवला. बाया ऐकत होत्या, पण अक्का जागच्या हलल्या नाहीत.

‘एकदाव हासू व्हयनं, बठ्ठा गावनं दखं. आते पुरे.’

प्रमिलाबाई त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवरच बसल्या. ‘अक्का, तुमचा झोका वजनानं मागं राहिला नाही. हे सगळ्यांना दिसल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही.’

अक्कांनी त्यांच्याकडं पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘आनि आजून मांगे ऱ्हायना त?’

खोटा धीर देणं सोपं होतं. प्रमिलाबाईंनी तो दिला नाही. ‘तर मी शाळेत जाऊन तसंच सांगेन, की मी शिकवलं ते झोक्यावर खरं निघालं नाही.’

अक्कांनी मांडीवरची लेकरं शेजारणीच्या हवाली केली, आणि उठल्या.

अक्का आणि यशोदा फळ्यांवर बसल्या. इतक्यात गर्दीतली एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. ‘थांबा वं! दोन्ही दोर सारखा शेतस, कशावरथीन?’

प्रमिलाबाईंना त्या म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं. सकाळी त्यांनी दोर नुसत्या नजरेनं पाहिले होते. आता यशोदानं खाली उतरून दोन्ही दोर हातानं मापले. एक चार बोटं लांब निघाला. गाठ सोडून तो सारखा केला. मग पुन्हा दोघी बसल्या, बायांनी झोके मागं ओढले आणि सोडले.

पहिली येरझार बरोबर. दुसरी बरोबर. तिसऱ्या वेळी सगळ्यांनी श्वास रोखला. अक्का आणि यशोदा खांद्याला खांदा लावून पुढं गेल्या, खांद्याला खांदा लावून मागं आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. भलीमोठी अक्का आणि काडीसारखी पोर, जणू दोघींना एकाच दोरानं बांधलं होतं. बऱ्याच येरझारांनंतर अगदी उगीच फरक पडल्यासारखं वाटलं, तेही प्रमिलाबाईंनी लपवलं नाही. अक्कांची उंची जास्त, बसलं तरी भार जरा वर, असं त्या म्हणाल्या. पण तेव्हा ऐकायला कुणाला वेळ होता?

‘फळ्या बदलीसन दखा!’ कुणीतरी ओरडलं. फळ्या बदलल्या. तेच. ‘आते मी बससू!’ म्हणून एक नवी नवरी यशोदाच्या जागी बसली. तेच. ‘जड मांगे’ म्हणणाऱ्या पोरी आता कोणाकोणाची जोडी लावायची यावरून भांडायला लागल्या. ज्या माहेरवाशिणीनं सकाळी गाणं रचलं होतं तिला बायांनी धरून अक्कांच्या शेजारच्या झोक्यावर बसवलं आणि नवं गाणं रचायला लावलं.

अक्का मात्र उतरल्याच नाहीत. शेजारच्या झोक्यावरची माणसं बदलत होती, पण त्यांचा झोका त्यांचाच. पदर खांद्यावर आला होता, अंबाड्याची पिन सुटली होती, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. ‘आजून एकदाव सोडा,’ त्या म्हणत. ‘बाईले नीट दखू द्या.’ बाईंनी केव्हाच सगळं पाहून घेतलं होतं. तरी त्याही म्हणत, ‘हो हो, अजून एकदा. खात्री झालेली बरी.’ एवढं एकच खोटं प्रमिलाबाई त्या दिवशी बोलल्या, आणि त्याचं त्यांना कधीच वाईट वाटलं नाही.

अंधार पडायला लागला तसा अभिमन आबा पार सोडून भीतभीत निंबाच्या कडेला आला. बायांचा मुलूख, पुढं यायची छाती होईना. तिथूनच त्यानं विचारलं, ‘अक्का, मंग पोरना दाखलानं काय करानं?’

अक्कांनी झोका थांबवला नाही. पुढं जाता जाता म्हणाल्या, ‘कसाना दाखला? धाड तिले शायामा.’ झोका मागं आला, पुन्हा पुढं निघाला, आणि वरून आवाज आला, ‘पुढली आखाजीले माले बसनं शे. दोर मापाले घरमा कोनी जोयजे का नही?’